इमानदार नोकर वाचायचा तर लिअर घ्यायचं का ऑथेल्लो?

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वाचन ग्रुपचं गणपतीत अभिवाचन आहे, चाळीस मिनिटं, पाच जण, सेट नाही, ड्रेस नाही, फक्त खुर्च्या आणि दोन माइक. विषय ठरला आहे, शोकांतिकेतला इमानदार नोकर आणि त्याला मिळणारी वागणूक. शेक्सपिअरच्या दोन नाटकांवर गाडी अडली, निम्मे लोक 'किंग लिअर' म्हणून राहिले, निम्मे 'ऑथेल्लो'. मी दोन्ही परत वाचून काढली, तर जे वाटलं ते इथं लिहितो, तुमचाही ग्रुप असाच अडला असेल तर कामात येईल.

आधी लिअर, कारण नोकर म्हटलं की सगळ्यांना केंटच आठवतो. आता केंट मुळात नोकर नाहीच, मोठा उमराव आहे. पहिल्याच प्रवेशात धाकट्या मुलीवर, कॉर्डिलियावर, अन्याय होतोय हे तो भर दरबारात लिअर राजाला तोंडावर सांगतो, राजा तलवारीला हात घालतो आणि त्याला हद्दपार करतो, दहाव्या दिवशी राज्यात दिसलास तर मरशील म्हणून. आणि हा माणूस वेष बदलून, बोलणं बदलून, त्याच राजाकडे नोकरी मागायला येतो. पुढे राजाचा निरोप घेऊन जातो तर जावई कॉर्नवॉल आणि मुलगी रीगन त्याला पाय अडकवायच्या लाकडी खोड्यात अडकवतात. जावई म्हणतो दुपारपर्यंत, मुलगी म्हणते दुपारपर्यंत कशाला, रात्रीपर्यंत आणि रात्रभरसुद्धा! लिअर येऊन बघतो तेव्हा भडकतो, पण नीट वाचा, त्याचा राग केंटचे पाय दुखले म्हणून नाही, माझ्या माणसाला असं केलं म्हणजे माझाच अपमान केला, हा आहे. आणि शेवटी केंट आपण कोण होतो हे सांगायला जातो तेव्हा राजाचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला ते धड कळतच नाही. त्याआधी आभार मानते ती कॉर्डिलिया, मालक नाही. तेव्हा केंट म्हणतो की ओळख पटली यातच सगळं मिळालं, ह्या वाक्याशी मी दरवेळी थांबतो.

आमच्या महाल भागातल्या घरी आजोबांकडे एक काका होते, पोरसवदा वयात आले ते शेवटपर्यंत राहिले. शेत विकायचं चाललं होतं तेव्हा आजोबांना नको म्हणणारे ते एकटे, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आजोबा त्यांच्याशी बोलले नाहीत. घरच्या मोठ्या फोटोत ते नाहीत, खुर्च्या मात्र त्यांनीच लावल्या होत्या. केंट वाचताना मला तेच दिसतात, त्यामुळे माझं मत थोडं लिअरकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पण लिअरमधला माझा खरा माणूस केंट नाहीच. तिसऱ्या अंकात राजाच्या बाजूच्या ग्लॉस्टर ह्या म्हाताऱ्या उमरावाचे डोळे काढतात तिथं कॉर्नवॉलचा एक नोकर आहे, त्याला नाटककारानं नावसुद्धा दिलं नाही. तो मालकाला म्हणतो, लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता थांबा म्हणतोय ह्यापेक्षा चांगली चाकरी कधी केली नव्हती. मग तलवार उपसतो आणि मालकाला जिवघेणी जखम करतो, अन् रीगन मागून येऊन त्याला मारते, एक गावंढळ माणूस असा उभा राहतो, असं म्हणत. त्याचं प्रेत उकिरड्यावर टाकायला सांगतात. आठ-दहा ओळींचं काम आहे सगळं मिळून.

आता ऑथेल्लो. ऑथेल्लो हा सेनापती, डेस्डिमोना त्याची बायको, आणि इयागो हा त्याच्या हाताखालचा माणूस तिच्याबद्दल त्याच्या मनात खोटा संशय भरवतो. एमिलिया ही डेस्डिमोनाची दासी आणि इयागोची बायको, म्हणजे चाकरी एकीकडे, संसार दुसरीकडे. तिचं इमान केंटसारखं चोख नाही. डेस्डिमोनाचा सापडलेला रुमाल ती नवऱ्याला देते आणि बाईसाहेब विचारतात तेव्हा माहीत नाही म्हणते, हे एक खोटं पुढं किती महागात पडतं बघा. ऑथेल्लो तिला कुंटणीसारखं वागवतो, दार लावून बाहेर उभी राहा म्हणतो आणि जाताना पैसे टाकतो. डेस्डिमोना मात्र तिच्याशी मैत्रिणीसारखी बोलते, चौथ्या अंकातला केस-कपडे सोडतानाचा प्रवेश आहे ना, त्यात दोघी एकाच पातळीवर येतात. वाळुंजाचं गाणं आणि नवऱ्यांबद्दलचं एमिलियाचं भाषण 1622 च्या छापील प्रतीत नाही, 1623 च्या प्रतीत आहे, तर संहिता घेताना ते असलेलीच घ्या, कापूच नका. आणि शेवटी ऑथेल्लोनं डेस्डिमोनाचा खून केल्याचं कळल्यावर ती नवऱ्यासमोर तिथल्या लोकांना म्हणते, ह्याचं ऐकायला पाहिजे हे खरं, पण आत्ता नाही. तिथंच नवऱ्याच्या हातून तिचा जीव जातो.

दोन्हीकडे इमान म्हणजे ऐन वेळी मालकाला नाही म्हणणं, हे पक्कं. फरक आहे तो करायच्या सोयीचा. लिअरमध्ये खोडा दिसायला पाहिजे, वेष बदललेला दिसायला पाहिजे, मागून झालेला वार दिसायला पाहिजे, खुर्चीत बसून वाचलं तर निम्मं जातं. तुमच्याकडे स्टेज, उंचपुरा केंट आणि दोन तास असतील तर डोळे मिटून लिअर घ्या, विंदा करंदीकरांचा 1974 चा अनुवाद आहे, तोंडात बसतो. मराठीत ऑथेल्लोचं देवलांचं 'झुंझारराव' 1890 चं, पण ते आपल्या मुलखातलं करून टाकलेलं आहे, शिरवाडकरांचा ऑथेल्लो ह्या कामाला जास्त बरा.

आमच्यासाठी मी ऑथेल्लोला मत दिलं आहे, चौथ्या अंकाचा शेवट आणि पाचव्याचा शेवट एवढंच. एमिलियाचं सगळं आवाजात आहे, आणि आमच्याकडे वाचणाऱ्या तीन बाया आहेत ज्यांच्या आवाजाला दम आहे. एक अडचण उरते. मरताना ती म्हणते मला बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा, आणि संहितेत पुढं कोणी हो म्हणत नाही, तिला ठेवलं असंही लिहिलेलं नाही, दिग्दर्शकानं ठरवायचं. अभिवाचनात तर कोणी उचलणारच नाही. म्हणून माझं आमच्या लोकांना एवढंच सांगणं आहे की त्या ओळीनंतर दहा सेकंद कोणी पान उलटायचं नाही, माइकमध्ये कागदाचा आवाजसुद्धा यायला नको.