ईएसआय की माल्डी? आधी सांगा, मशीन कुणाकुणाचं आहे

मास स्पेक्ट्रोमीटर या मशीनवर प्रथिनाचं वस्तुमान मोजायला ईएसआय (द्रावण फवारून रेणू प्रभारित करायची पद्धत) वापरू की माल्डी (स्फटिकांवर लेझर मारून तेच करायची पद्धत), असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: मशीनवर तुम्ही एकटेच आहात की सगळी प्रयोगशाळा? समोरचा बुचकळ्यात पडतो. माझा निर्णय मात्र याच प्रश्नावर झाला.

रेणूवर प्रभार चढवायचा आणि वस्तुमान भागिले प्रभार वाचायचं, इथवर दोघांचं सारखंच. ईएसआयमध्ये द्रावण काही हजार व्होल्टच्या सुईतून फवारतात, थेंब आटत जातात आणि एकेका रेणूवर बरेच प्रोटॉन बसतात. अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिन १४,३०५ डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक), पण पडद्यावर १३०१.५, १४३१.५, १५९०.५ अशी रांग दिसते. अनुक्रमे अकरा, दहा आणि नऊ प्रभारांची. माल्डीत तेच प्रथिन सिनॅपिनिक ॲसिडच्या स्फटिकांत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, अडकवून लेझर मारतात. बहुतेक रेणू एकच प्रभार घेऊन उडतात, त्यामुळे १४,३०६ च्या आसपास एक ठसठशीत पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका. पाहता क्षणी कळतं.

अचूकता हवी तर ईएसआय, हे मला मान्य आहे. सॅम्पल स्वच्छ असेल तर त्या रांगेवरून निघणारं वस्तुमान माझ्या हातून माल्डीपेक्षा नेहमीच नेमकं आलं. पण सॅम्पल स्वच्छ असून भागत नाही, ज्या सामायिक नळीतून ते सुईपर्यंत जातं, ती नळीही स्वच्छ लागते.

एकदा आठवडाभर खपून शुद्ध केलेलं प्रथिन घेऊन बसलो. स्पेक्ट्रम, म्हणजे मशीनचा आलेख, उघडला तर ४४-४४ च्या अंतरावर कंगव्याच्या दातांसारखी पीक. पॉलिइथिलीन ग्लायकॉल. माझ्या आधी कुणीतरी ट्वीन-२० (याच ग्लायकॉलच्या साखळ्या असलेला प्रयोगशाळेतला साबण) घातलेलं सॅम्पल सोडून गेलं होतं. मेथॅनॉलने धुतलं, आयसोप्रोपॅनॉलने धुतलं, नळी बदलली, शेवटी कॉलमही काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंगवा विरळ झाला, गेला नाही. खरकटं त्याचं, घासत मी बसलो. वहीत त्याने बफरच्या रकान्यात नुसतं ‘ट्रिस’ (एक साधं बफर) लिहिलं होतं, साबणाचं नावही नव्हतं.

माल्डीच्या पट्टीवर ३८४ ठिपके असतात आणि माझा ठिपका माझा असतो. शेजारच्याने साबण घातला तर त्याचेच स्फटिक बिघडतील. थोडंफार मीठही ती सहन करते. ईएसआयमध्ये सोडियम चिकटला की दर २२ डाल्टनला पीकचं नवं पिल्लू. शिवाय पट्टी जपून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लेझर मारता येतो. फवारलेला थेंब परत येत नाही.

माल्डीचे नखरे नाहीत असं नाही. ठिपक्याच्या एका कडेला भरभरून सिग्नल, मधोमध ठणठणाट. चांगली जागा शोधत फिरावं लागतं. म्हणून पीकच्या उंचीवरून प्रमाण काढायचं धाडस मी करत नाही. साधारण ५०० च्या खाली मॅट्रिक्सचीच गर्दी असते. तेव्हा नाशिकच्या द्राक्षांतलं कीटकनाशक किंवा रक्तातलं औषध मोजणार असाल तर माझं ऐकू नका. लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं ईएसआयच घ्या.

२००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ईएसआयचे जॉन फेन आणि लेझरवाले कोइची तानाका शेजारी बसले. तानाकांनी १९८५ मध्ये कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन ओतलं आणि फेकायला जिवावर आलं म्हणून तेच वापरून पाहिलं. आजची माल्डी मात्र कारास आणि हिलेनकॅम्प या जर्मन शास्त्रज्ञांच्या पद्धतीने चालते. तरी ते चुकलेलं मिश्रण वाया न घालवणं मला फार जवळचं वाटतं, हेही माझ्या पक्षपाताचं एक कारण असेल.

एकच प्रथिन, ‘मिळालं का, अख्खं आहे का’ एवढाच प्रश्न आणि सामायिक मशीन, असं असेल तर मी माल्डीकडे वळेन. ईएसआयची वेळ मी अजूनही घेतो, पण देखभालीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली. आणि आधी नुसतं द्रावक चालवून ४४ चा कंगवा दिसतो का ते बघतो.