शिकेकाई की शाम्पू-कंडिशनर?

नोकरीनिमित्त सोलापुरात आलेल्या भाचीचे केस बोअरच्या पाण्याने राठ होऊ लागले आणि आजीची शिकेकाई पुन्हा धरावी की शाम्पू-कंडिशनरच चालू ठेवावा, असा पेच तिच्यापुढे पडला.

बोअरच्या अशा जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे अंगाच्या साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, म्हणून तो बादच. शिकेकाई-रिठ्यातील सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य आणि शाम्पूतील फेसकारक द्रव्ये यांचा तसा साका होत नाही. त्यामुळे येथे दोघांची बरोबरी आहे.

श्रमांत मात्र शिकेकाई मागे पडते. शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्या आणि फडक्यातून गाळाव्या लागतात. नुसती भुकटी चोळली, तर तिचे कण वेणी घालेपर्यंत निघत नाहीत आणि डोळ्यांत गेल्यास झोंबतात ते वेगळेच. उजनीचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या घरात हे परवडत नाही. पैशांच्या खर्चात मात्र शिकेकाई स्वस्त पडते.

खरा फरक मऊपणाचा आहे. केसांवर, विशेषतः झिजलेल्या टोकांवर, ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील धनभारित रेणू तेथेच चिकटून गुंता कमी करतात. म्हणून तो मुळांना न लावता मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावून धुवावा. शिकेकाईत हा गुण नाही, त्यासाठी आधी खोबरेल हवेच.

रंगवलेल्या, लांब व गुंतणाऱ्या केसांना शाम्पू-कंडिशनर, तर तेल लावून रविवारी निवांत न्हाणाऱ्यांच्या धडधाकट केसांना शिकेकाई मानवेल.