आयटी प्रमुख कुणाच्या हाताखाली: सीएफओ की एमडी?

चाकण-भोसरीच्या मध्यम कारखान्यांत आयटी विभाग बऱ्याचदा अकाउंट्सच्या शेजारीच वाढलेला असतो. त्याला कारणही आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा झाला, १ ऑगस्टपासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस. ही कामं सीएफओच्या, म्हणजे वित्तप्रमुखाच्या, हाताखाली वेळेत आणि काटेकोर होतात, लायसन्सच्या खर्चालाही लगाम राहतो.

अडतं ते त्यापुढे. सीएफओला आयटी म्हणजे खर्च दिसतो. डिस्पॅच का चुकतो, ग्राहकाचं शेड्यूल बदललं की प्लॅनिंग का कोलमडतं, हे त्याच्या टेबलावर येतच नाही.

एमडीची, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकाची, गरज कुठे पडते हे लिडलच्या उदाहरणात दिसतं. या जर्मन सुपरमार्केट साखळीने २०११ मध्ये सॅप या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारित नवी यंत्रणा उभारायला घेतली. लिडल मालसाठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरत असे, सॅपची रिटेल यंत्रणा विक्रीच्या दराने. कंपनीने आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत नेलं. २०१८ मध्ये काम गुंडाळलं, तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. आपली रीत बदलायची की सॉफ्टवेअर, हा धंद्याचा निर्णय आहे. तो आयटी प्रमुखाच्या गळ्यात टाकणं अन्यायाचं आहे.

याउलट नायकी. २००० साली मागणीचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने घोळ घातला, सुमारे १० कोटी डॉलरची विक्री बुडाली. तरीही जगभरासाठी एकच यंत्रणा कशाला हवी हे वरच्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती अर्ध्यावर सोडली नाही.

माझा कौल एमडीकडे, पण एका अटीवर: महिन्यातून एकदा त्याने प्लांट हेड आणि आयटी प्रमुखाला समोर बसवून विचारलं पाहिजे, 'ही नवी यंत्रणा आल्यावर आज न मिळणारी कोणती ऑर्डर मिळेल?' तेवढा वेळ नसेल तर सीएफओच बरा. दोघांकडे अर्धं-अर्धं मात्र नको. त्यात आयटी प्रमुखाचं मरण होतं.

पुढची तीन वर्षं त्याच ग्राहकांना तेच पार्ट द्यायचे असतील, तर घडी मोडू नका. निर्यातीत किंवा ईव्हीच्या पार्टमध्ये उतरायचं असेल, तर ईआरपीची (सगळ्या विभागांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) कोटेशनं मागवण्याआधीच आयटी एमडीकडे न्या.