सांताक्रूझ-सहार की उलवे? मुंबईचं तिकीट काढण्याआधी

तिकीट शोधताना ‘मुंबई’ टाकलं की आता दोन विमानतळ समोर येतात. दोनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका, आधी कोड बघा. बीओएम म्हणजे आपलं सांताक्रूझ-सहार, एनएमआय म्हणजे उलव्याचं नवी मुंबई.

मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना काटणाऱ्या. त्यामुळे एका वेळी चालते एकच. ०९-२७ क्रमांकाची मुख्य, साधारण ३,४५० मीटरची. १४-३२ बरीच आखूड. मुख्य पट्टीवरून तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं उतरतात-उडतात आणि २०२४-२५ मध्ये या विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. इतक्या घट्ट वेळापत्रकात एक विमान अडलं तरी मागची रांग लांबते. जुलै २०१९ मध्ये भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेलं, तेव्हा ती काही दिवस बंद होती आणि सगळा भार आखूड पट्टीवर पडला होता. वर घिरट्या घालणारं विमान हा मुंबईकराला नवा अनुभव नाही.

नवी मुंबईतही सध्या एकच धावपट्टी आहे, ३,७०० मीटरची. फरक इतकाच की तिच्यावर गर्दी नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथे उड्डाणं सुरू झाली; पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. दुसरी धावपट्टी समांतर होणार आहे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरता येतील. खरा फायदा तेव्हाचा.

मालक वेगळे असतील तर दरात चढाओढ होईल, ही आशा सोडा. दोन्हीकडे ७४ टक्के अदानी समूह. उरलेले २६ टक्के मुंबईत विमानतळ प्राधिकरणाचे, नवी मुंबईत सिडकोचे. २०२१ मध्ये आधीच्या जीव्हीके समूहाकडून मुंबई विमानतळ अदानींकडे गेला, त्याच्यासोबत नवी मुंबईही गेली. उलट नव्या ठिकाणी प्रवाशाकडून घेतलं जाणारं शुल्क सुरुवातीलाच जास्त ठरलं, तेव्हा शेवटची रक्कम बघूनच तुलना करा.

पुणे, खोपोली, पनवेल, पेणवाल्यांनी देशातल्या प्रवासासाठी आधी एनएमआय बघावं. द्रुतगती मार्गावरून कळंबोलीला उतरलात की वाशीचा पूल आणि चेंबूरची कोंडी टळते. माझ्या मते एवढ्यासाठी थोडं महाग तिकीटही परवडतं. अंधेरी-बोरिवली-वसईकरांनी विचारही करू नये. दादर-गिरगावकरांना मेट्रो ३ थेट सहारच्या टर्मिनल २ला नेते. अटल सेतूने उलवे जवळ आलंय खरं, पण कारला एका फेरीचे अडीचशे रुपये टोल धरा. ठाणेकरांचं तळ्यात-मळ्यात, त्यांनी विमानाची वेळ बघून ठरवावं.

उलव्याची सुरुवात देशांतर्गत विमानांनीच झाली. त्यामुळे पुढचं परदेशी विमान सहारहून असेल, तर देशातलं विमान एनएमआयचं घेऊ नका. मध्ये अख्खी मुंबईची वाहतूक आहे, आणि दोन वेगळी तिकिटं असतील तर चुकलेल्या विमानाचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.