‘प्रवासाने शिणली आहे, दोन दिवस थांबा’ : आजारी तलंग गळ्यात मारतात ती अशी

ठाणे-नवी मुंबईतल्या घणसोली, दिवाळे, कोलशेत, कळवा अशा गावठाणांत दारात चार कोंबड्या असणं जुनंच आहे. त्या घरांतली आजी कोंबडी हातात घेतली की सांगते, घ्यायची की नाही. तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, घेताना फसतात ते पहिल्यांदाच कोंबडी पाळणारे. जाहिरात मोबाईलवर येते: ‘पाच महिन्यांच्या गावरान तलंगा, सर्व लसीकरण पूर्ण, आठवड्यात अंडी चालू’. फोटो उन्हातले, तुरे लालभडक. पैसे आधी मागवतात आणि माल रात्री नऊनंतर हायवेच्या कडेला, टेम्पोच्या मागच्या दिव्यात देतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. अंधारात कोंबडी निपचित बसते, त्यामुळे आजारी कोणती आणि झोपाळलेली कोणती ते कळत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तलंग पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहते. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘प्रवासाने शिणली आहे, दोन दिवस थांबा.’ वर एक ‘बूस्टर’ पावडर पाठवतो म्हणून दोन-तीनशे रुपये आणखी घेतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंबडी मरते आणि मग सांगतात की बदलून द्यायची मुदत अठ्ठेचाळीस तासांचीच होती. ते दोन दिवस थांबायला लावणं हीच खरी लबाडी. कोंबडी आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवते. ती पिसं फुगवून बसली म्हणजे आजार आधीच पुढे गेलेला असतो, आणि वाचवायचा वेळ नेमका तेवढाच उरलेला असतो.

प्रवासाचा ताण खोटा नाही. पण तो दमलेल्या कोंबडीला सावली, पाणी आणि रात्रीची झोप मिळाली की सकाळपर्यंत उतरतो. सकाळी ती दाण्यावर आली नाही, तर तो ताण नाही.

सर्दीचा माल विकताना दोन गोष्टी करतात. टायलोसिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक दोन-तीन दिवस पाण्यातून देतात, त्याने शिंका आणि घरघर तेवढ्यापुरती दबते. आणि देण्याआधी ओल्या फडक्याने नाकपुड्या पुसतात. मात्र सर्दी झालेली कोंबडी नाक आपल्याच पंखावर पुसत असते. पंख थोडा उचलून खांद्याजवळची पिसं बघा. तिथे पिसं एकमेकांना चिकटून तपकिरी, कडक झालेली दिसली, तर नाक कितीही स्वच्छ असो, ती तलंग घेऊ नका. नाकपुडीवर बोटाने हलकं दाबलं की पाणी येतं का तेही बघा. पाठीला कान लावा, बुडबुड्यांसारखी घरघर ऐकू येते. चेहरा सुजलेला आणि तोंडाजवळ कुबट घाण वास असेल तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची साथीची सर्दी, आणि तो एकीचा चौघींना लागायला वेळ लागत नाही.

वय खोटं सांगणं तर सर्रास चालतं. अंडी देऊन थकलेली, पोल्ट्रीने काढून टाकलेली कोंबडी तलंग म्हणून खपवतात. तलंगेच्या पायांची खवलं गुळगुळीत आणि घट्ट बसलेली असतात, नखं लहान असतात, तुरा अजून पुरता वाढलेला नसतो. जुन्या कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग अंडी देऊन उडालेला असतो आणि खवलं खडबडीत होतात. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये एकच बोट मावलं तर ती अजून अंड्यावर आलेली नाही. दोन-तीन बोटं आरामात मावली तर ती अंडी दिलेली आहे. तेव्हा ‘आठवड्यात अंडी देईल’ आणि एक बोट, या दोन्ही गोष्टी एकाच कोंबडीत बसत नाहीत. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं, दोन्ही बाजूंना मांसच नाही, तर ती कित्येक दिवस धड खात नाहीये. फुगलेल्या पिसांआड हे डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं. शेपटीखालची पिसं माखलेली नकोत.

‘सर्व लसीकरण पूर्ण’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कोणती लस, कितव्या दिवशी? मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस हॅचरीतच, पिल्लू एक दिवसाचं असताना देतात. महिन्यापूर्वी दिली म्हणणारा खोटं बोलतो. मानमोडीची (राणीखेत) पहिली लस लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मानमोडीचीच दुसरी लस आर-टू-बी आठव्या आठवड्याच्या आसपास, देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पडद्यात टोचून. देवीची लस लागली की आठ-दहा दिवसांत टोचल्या जागी खपली धरते.

घरी येऊन ‘लस टोचून देतो, कोंबडीमागे पन्नास रुपये’ म्हणणारे वेगळेच. त्यांच्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा लाल पाणी असतं, म्हणजे बी-कॉम्प्लेक्स. आर-टू-बी सुकवलेल्या गोळीच्या रूपात कुपीत येते, ती द्रावात विरघळवून लगेच वापरावी लागते आणि तोपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. कुपी शंभर डोसची किंवा त्याहून मोठी असते. बर्फाशिवाय खिशातून सिरिंज काढणाऱ्याकडे लस नसते. आणि आजारी कोंबडीला लस खरी असली तरी टोचू नये.

आता ती तलंग घरात आलीच असेल, तर विक्रेत्याला फोन करायच्या आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी करा. मोठा खोका, खाली वर्तमानपत्र. तूस नको, कारण शीट, म्हणजे विष्ठा, बघायची आहे. एका कोपऱ्यावर ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब असा लावा की त्या टोकाला २८ ते ३० अंश राहील आणि दुसरं टोक थंड असेल. तिला हवं तिकडे ती जाईल. चोच उघडी ठेवून पंख पसरले तर ऊब जास्त झाली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बल्ब लागतच नाही. पावसाळ्यात लागतो, पण वारा यायला भोकं ठेवा, ओल कोंडली की छाती आणखी भरते. तिचं भांडं वेगळं, आणि हात धुवून मगच बाकीच्या कोंबड्यांकडे जा.

लीटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पहिल्या दिवसापुरतं. ती स्वतः पीत नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा आणि गिळू द्या. चोच उघडून घशात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. नव्या माणसाच्या हातून तलंग अशीही जाते, आणि मग वाटतं की आजाराने गेली.

सकाळी दाणा देण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. ती रिकामी, मऊ असायला हवी. रात्रभराने टणक असेल तर दाणा किंवा गवत अडकलंय. पिठासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आतलं आंबलंय. दोन्हीत आणखी दाणा भरवू नका. रोज त्याच वेळी वजन करा. किलोभराची तलंग दिवसाला ५० ग्रॅम उतरत असेल तर डॉक्टरकडे न्यायला संध्याकाळची वाट बघू नका.

शीट बरंच सांगते. रक्त दिसलं तर रक्ती हगवण. त्यावर २० टक्क्यांची एम्प्रोलियम पावडर लीटरमागे १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस, पाणी रोज नवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.२ ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून ५ लीटरला ६ ग्रॅम घाला आणि त्यातलं लागेल तेवढं वापरा. या दिवसांत बी व्हिटॅमिनचं टॉनिक देऊ नका, एम्प्रोलियमचं काम जंतूंना बी-वन मिळू न देण्यावरच चालतं. विक्रेत्याच्या ‘बूस्टर’मध्ये बहुधा तेच व्हिटॅमिन असतं. हिरवी पातळ शीट आणि मान मुरगळलेली असेल तर मानमोडी, तिला औषध नाही. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली तर मॅरेक्सची शंका घ्या, त्यालाही नाही.

इथे विक्रेत्याचं आणखी एक वाक्य येतं: ‘तुमच्याच पाण्याने झालं.’ रक्ती हगवणीचे जंतू पोटात गेल्यापासून रक्त दिसायला किमान चार दिवस लागतात. तलंग आणल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं तर रोग त्याच्याकडूनच आला. म्हणून आणल्याची तारीख-वेळ, पहिल्या शीटेचा फोटो, वजनाचे आकडे जपून ठेवा.

पाकिटावर घटकाचं नाव, प्रमाण, बॅच नंबर, मुदत, उत्पादन परवाना क्रमांक आणि ‘फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी’ ही सूचना नसेल तर ते औषध नाही. कोलिस्टिन लिहिलेलं काही मिळालं तर परत करा. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी त्यावर २०१९ पासून बंदी आहे. अँटिबायोटिक चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस त्यानंतरही अंडी खायची नाहीत.

घरातल्या जुन्या कोंबड्यांत नवी सोडायची ती तीस दिवसांनी, आधी नाही. एकदम तीन-चार मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर कुठलीही कोंबडी हलवू नका आणि पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हा ही भीती लांबची नाही.

एकटीच मेली असेल तर खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका. डॉक्टरांना विचारून दोन पिशव्यांत गुंडाळा, फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत शवविच्छेदनाला द्या. गोठली की आतड्यांवरचे डाग वाचता येत नाहीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. शवविच्छेदनाचा अहवाल हाती असला की विक्रेत्याचं ‘पाण्याने झालं’ टिकत नाही.

पैसे यूपीआयने गेले आणि माल आलाच नाही तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर लगेच, तासाभरात कळवा. आजारी माल दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बेलापूरपर्यंतचे लोक ठाणे जिल्ह्यात मोडतात. खारघर, तळोजा, पनवेलचे रायगडमध्ये.