डार्ली डबल ॲक्शन टूथपेस्ट : पेस्ट चांगली, पण नळीवरचे चित्र अजून तिथेच

भारतातल्या दुकानांत सहसा न मिळणारी, पण सिंगापूर किंवा थायलंडच्या सहलीवरून परतणाऱ्यांच्या बॅगेतून हमखास घरी येणारी डार्ली डबल ॲक्शन ही टूथपेस्ट आमच्या सिंगापूरच्या घरात बराच काळ वापरली गेली आहे. पेस्ट म्हणून ती चांगली आहे, हे आधीच सांगते. दोन प्रकारच्या पुदिन्याचा एकत्र स्वाद हे तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे आणि तो स्वाद खरोखरच जाणवतो. फेस भरपूर होतो, दात घासून झाल्यावर तोंडात चिकटपणा राहत नाही आणि ताजेपणा बराच वेळ टिकतो. फ्लोराइड असल्यामुळे दात किडण्यापासून जे संरक्षण कोणत्याही चांगल्या टूथपेस्टने द्यावे, ते ही देते. लहान मुलांना मात्र तिचा तिखटपणा झेपत नाही, आणि ज्यांच्या दातांना गार-गरम लागते त्यांनी त्यासाठी खास बनवलेली पेस्ट घेणे बरे. फेअरप्राइससारख्या सुपरमार्केटांत ती जोडसंचात मिळते आणि किंमत इतर नेहमीच्या पेस्टांच्या आसपासच असते.

एवढ्यावर हे परीक्षण संपवता आले असते, तर बरे झाले असते. परंतु ग्राहक पेस्टबरोबर तिची नळीही विकत घेतो, ती रोज हातात धरतो, न्हाणीघरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. डार्लीच्या नळीवर उंच टोपी घातलेला, बो लावलेला, पांढरेशुभ्र दात दाखवून हसणारा एक पुरुष आहे. आज त्याच्या चेहऱ्यावरून तो कोणत्या वंशाचा आहे हे ठरवता येत नाही, आणि ज्याला पूर्वपीठिका माहीत नाही त्याला त्यात वावगे काही दिसणारही नाही. ती पूर्वपीठिका मात्र माहीत करून घेण्याजोगी आहे.

हॉली अँड हेझल या कंपनीने 1933 साली शांघायमध्ये ही टूथपेस्ट बाजारात आणली, तेव्हा तिचे इंग्रजी नाव ‘डार्की’ असे होते. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी इंग्रजीत वापरली जाणारी ती एक उघड शिवी आहे. नळीवर तेव्हा काळ्या चेहऱ्याचा, उंच टोपीतला, हसणारा माणूस होता, आणि चिनी भाषेतले नाव सरळ ‘काळ्या माणसाची टूथपेस्ट’ असे होते. हे चित्र ॲल जॉल्सन या अमेरिकी गायक-नटावरून सुचले असे सांगितले जाते. जॉल्सन हा गोरा कलाकार होता आणि तोंडाला काळे फासून रंगमंचावर व पडद्यावर येण्यासाठी तो प्रसिद्ध होता.

तोंडाला काळे फासण्याची ही प्रथा त्याच्या शंभर वर्षे आधीची आहे. 1830 च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट ‘जिम क्रो’ नावाच्या एका काळ्या पात्राचे सोंग घेऊन अमेरिकेत नाचू-गाऊ लागला, आणि तेथून ‘मिन्स्ट्रेल शो’ हा करमणुकीचा प्रकार देशभर पसरला. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी चेहऱ्याला लावत, ओठ मोठे रंगवत आणि काळी माणसे आळशी, भोळसट, सदा हसतमुख असतात असे दाखवून प्रेक्षकांना हसवत. त्या काळात दक्षिणेतल्या शेतांवर लाखो कृष्णवर्णीय गुलामीत राबत होते. गुलामी कायद्याने संपल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांनी काळ्यांना शाळा, गाड्या आणि मतपेट्यांपासून दूर ठेवणारे जे कायदे केले, त्यांना त्याच पात्रावरून ‘जिम क्रो कायदे’ हे नाव मिळाले. त्या हसऱ्या काळ्या चेहऱ्याची पाळेमुळे अशी रंगमंचापासून न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. सदैव हसणारा काळा माणूस हे चित्र गोऱ्या समाजाला हवेहवेसे वाटत होते, कारण जो हसतो आहे त्याच्यावर अन्याय होतो आहे असे कोणी मानत नाही.

आता हेतूचा प्रश्न. शांघायमध्ये ज्यांनी हे चित्र निवडले त्यांच्या मनात कृष्णवर्णीयांविषयी द्वेष असेल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही. त्यांना पांढरे दात विकायचे होते आणि काळ्या चेहऱ्यावर पांढरे दात उठून दिसतात, इतकाच बहुधा त्यांचा विचार असावा. खुद्द जॉल्सनविषयीही, त्याने कृष्णवर्णीय कलाकारांना मदत केली, त्यांच्याशी चांगले संबंध ठेवले, असे सांगितले जाते. सिंगापूरमधील माझ्या वयस्कर चिनी शेजाऱ्यांना या पेस्टविषयी विचारले, तर ते बालपणीच्या आठवणीच सांगतात आणि त्या आठवणींत तिरस्काराचा लवलेशही नसतो. हे सगळे मी खरे मानते, आणि तरीही त्याने चित्रावरचा आक्षेप कमी होतो असे मला वाटत नाही. हेतू चांगला होता हे सांगणारा माणूस स्वतःविषयी बोलत असतो. ज्याचा चेहरा वापरला गेला त्याच्याविषयी त्या उत्तरात काहीच नसते. ‘पांढरे दात उठून दिसावेत म्हणून’ या निर्दोष वाटणाऱ्या कारणाचाच थोडा विचार करून पाहावा : त्यात एका माणसाचा चेहरा केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरलेला आहे. त्याची कातडी काळी आहे म्हणून ती उपयोगाची, आणि त्या उपयोगापलीकडे त्या माणसाला नाव, गाव, आवाज काहीही नाही. एखाद्याच्या अंगाच्या रंगाला मालाचे चिन्ह बनवण्यात जो अपमान आहे, तो चिन्ह बनवणाऱ्याच्या मनात काय होते यावर अवलंबून राहत नाही. शिवाय ज्या बाजारांत ही पेस्ट विकली गेली तेथे कृष्णवर्णीय ग्राहक जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे ज्याचे चित्र होते त्याला विचारण्याची वेळ विक्रेत्यावर कधी आलीच नाही.

ती वेळ आली ती कोलगेट-पामोलिव्हमुळे. 1985 साली या अमेरिकी कंपनीने हॉली अँड हेझलचा अर्धा हिस्सा विकत घेतला, आणि अमेरिकेत ही टूथपेस्ट प्रथमच लोकांच्या नजरेत आली. धार्मिक संस्थांच्या ज्या गटाकडे कोलगेटचे समभाग होते, त्या इंटरफेथ सेंटर ऑन कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटीने भागधारक या नात्याने कंपनीला जाब विचारला. तीन वर्षे हा वाद चालला. 1989 साली कोलगेटचे अध्यक्ष रूबेन मार्क यांनी हे नाव आणि चित्र चुकीचे असल्याचे मान्य करून माफी मागितली आणि बदल जाहीर केला. इंग्रजी नावातले एक अक्षर बदलून ‘डार्की’ची ‘डार्ली’ झाली, आणि टोपीवाल्याचा रंग व चेहरा असा पालटला की तो काळा म्हणता येऊ नये. माफी स्पष्ट होती, याचे श्रेय मार्क यांना द्यायलाच हवे. परंतु कंपनीने त्याच वेळी चिनी ग्राहकांना जाहिरातीतून आश्वासन दिले की बदल फक्त इंग्रजी नावात आहे, काळ्या माणसाची टूथपेस्ट तीच राहील. म्हणजे ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांच्यापुरती दुरुस्ती झाली, आणि बाकीच्या ग्राहकांना ती झालीच नाही असे सांगितले गेले. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट.

चिनी नाव त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. मे 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची पोलिसाच्या हातून हत्या झाली, अमेरिकेत लोक रस्त्यावर उतरले आणि अनेक कंपन्यांना आपली जुनी चिन्हे पुन्हा तपासावी लागली. आंट जेमिमा हे पॅनकेकचे पीठ आणि अंकल बेन्स हा तांदूळ, या वेष्टनावर कृष्णवर्णीयांची चित्रे असलेल्या मालांची नावे बदलण्याचे त्याच वर्षी ठरले. आपल्याकडे हिंदुस्थान युनिलिव्हरने त्याच सुमारास ‘फेअर अँड लव्हली’तून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केले. त्याच जूनमध्ये कोलगेटने डार्लीच्या चिनी नावाचा फेरविचार करत असल्याचे सांगितले. अखेर डिसेंबर 2021 मध्ये नवे चिनी नाव जाहीर झाले आणि मार्च 2022 पासून ते वापरात आले. फेरविचार सुरू झाला तेव्हा युरोमॉनिटर या बाजार-संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार या टूथपेस्टचा वाटा तैवानच्या बाजारात सुमारे 45 टक्के, मलेशियात 28, सिंगापूरमध्ये 21 आणि चीनमध्ये 17 टक्के होता. इतका मोठा वाटा असलेली कंपनी नाव बदलायला का कचरते हे समजण्यासारखे आहे. पण इतक्या मोठ्या खपाच्या वस्तूचे ग्राहक एका नावामुळे निघून जात नाहीत हेही तितकेच खरे, आणि ही पेस्ट आजही दुकानांत पूर्वीइतक्याच सहज मिळते.

सिंगापूरमधील भारतीयांना हा प्रश्न दुसऱ्या बाजूने समजून घेण्याची संधी 2019 च्या जुलैमध्ये मिळाली होती. ई-पेमेंटच्या एका जाहिरातीत चिनी वंशाच्या एकाच अभिनेत्याने चार माणसांची रूपे घेतली होती, आणि त्यांतला भारतीय पुरुष दाखवण्यासाठी त्याच्या चेहऱ्यावर सावळा रंग चढवलेला होता. शेजारी हिजाब घातलेली मलय स्त्रीही तोच होता. सर्व वंशांच्या लोकांसाठी ही सेवा आहे हे दाखवण्याचाच आपला उद्देश होता आणि कोणी दुखावले गेले असेल तर ते अजाणता झाले, असा खुलासा जाहिरात करणाऱ्यांनी केला. तो उद्देश खोटा होता असे मला वाटत नाही. तरीही आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. या देशात भारतीय अभिनेते असताना भारतीय माणूस दाखवायला दुसऱ्याच्या तोंडाला रंग का फासावा लागतो, हा प्रश्न तेव्हा कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच घरांतल्या न्हाणीघरांत डार्लीची नळी होती आणि तिच्याविषयी मात्र ‘एवढे काय त्यात’ असे ऐकू येत असे. स्वतःचा रंग डबीत भरून दुसऱ्याच्या गालावर लावलेला पाहिल्यावर जी अस्वस्थता आपल्याला येते, तीच अस्वस्थता दुसऱ्याला येऊ शकते हे मानण्यासाठी त्याच्या मनाची वेगळी परीक्षा घेण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राशी या पेस्टचा संबंध दूरचा आहे, पण तो आहे. कोलगेटच्या भारतीय कंपनीचे मुख्य कार्यालय पवईत आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांत आजही कोणतीही टूथपेस्ट मागताना ‘कोलगेट द्या’ असे म्हटले जाते. भारतीय कंपनी डार्ली विकत नाही, आणि अमेरिकी मूळ कंपनीच्या निर्णयाचा दोष तिच्यावर टाकणे योग्य होणार नाही. मात्र सिंगापूरहून भेट म्हणून नेलेल्या नळ्या पुण्यात पोहोचतात, आणि पुण्यात शिकण्यासाठी आफ्रिकेतून आलेले कितीतरी विद्यार्थी राहतात. भाड्याच्या एखाद्या सामाईक घरात, बेसिनवरच्या फळीवर, अशा विद्यार्थ्याच्या नजरेला ही नळी पडली, तर आणणाऱ्याने ती किती प्रेमाने आणली होती याचा त्याला काय उपयोग? रस्त्यावरून जाताना रंगावरून मारलेले शेरे त्याने आधीच ऐकलेले असू शकतात. निदान घरातली फळी तरी त्याला परकी वाटू नये.

आता प्रत्यक्ष शिफारशीकडे येते. पेस्टच्या गुणवत्तेला मी पाचांपैकी चार गुण देईन आणि वेष्टनाला एकही देणार नाही. नावातली दुरुस्ती उशिरा का होईना दोन्ही भाषांत झाली आहे, आणि ज्यांनी ती घडवून आणली त्यांच्याविषयी मला आदर आहे. उरले आहे ते चित्र. रंग उजळला, चेहरा धूसर केला, तरी उंच टोपी, बो आणि दातांभोवती रचलेले ते हास्य मिन्स्ट्रेल रंगमंचावरूनच आलेले आहे, आणि ज्याला तो इतिहास भोगावा लागला त्याला ते ओळखायला क्षणही लागत नाही. डार्ली हे नाव आता स्वतःच्या बळावर उभे आहे. एखादे पुदिन्याचे पान छापले तरी ही पेस्ट तेवढीच विकली जाईल, याविषयी मला शंका नाही.

तोवर आमच्या घरी दुसरी पेस्ट येते. त्याच फडताळावर त्याच किमतीत फ्लोराइड आणि पुदिन्याच्या स्वादाच्या अनेक पेस्टा आहेत. स्वादात डार्लीच्या जवळ जाणारी पेस्ट हवी असेल तर ‘दुहेरी मिंट’ असे लिहिलेले कोणतेही चांगले उत्पादन चालेल. सिंगापूरहून भेट न्यायचीच असेल, तर टूथपेस्टऐवजी ‘काया’ हा नारळ आणि अंड्यांचा जाम किंवा पांदान या सुवासिक पानांच्या स्वादाचा केक न्यावा. ज्यांना माझ्याप्रमाणे कंपनीपर्यंत आपले म्हणणे पोहोचवायचे असेल, त्यांनी वेष्टनावर छापलेल्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर लिहाव्यात. 1989 चा बदल कोणी तरी लेखी विचारणा केल्यानेच सुरू झाला होता.