संकेश्वरातला चटणीचा डंक: कांदा-लसणाची पाळी दुपारनंतर

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडं बायकांच्या बोलण्यात दोनच गोष्टी असतात. मिरची काय दरानं मिळाली आणि कुटायला कुठं नेली. दराचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. कुटायला कुठं, याचं माझं उत्तर मात्र आता ठरलेलं आहे. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरात बाजारपेठेच्या मागच्या बोळात, पिठाच्या गिरणीला लागून जो जुना डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र आहे, तिथं. पाटी कन्नडमध्ये आहे आणि लहान आहे, पण ती वाचायची वेळ येत नाही. बोळाच्या तोंडाशीच ठसका लागतो आणि मुसळांचा आवाज ऐकू येतो.

लोखंडी चार मुसळं, खाली चार उखळं, वर पट्ट्यावर फिरणारा दांडा. मालक उखळाशी उभे असतात. त्यांच्या मिसेस वजन आणि चाळण बघतात, आणि हिशेबाची वही आता त्यांच्या लेकीकडं आली आहे. गिऱ्हाईक मराठी असो की कानडी, ज्याच्या त्याच्या बोलीत उत्तर मिळतं. कधी तर एकाच वाक्यात दोन्ही.

मला या डंकाचं सगळ्यात जास्त पटलेलं म्हणजे कुटण्याचा क्रम. सकाळी उघडल्यावर आधी नुसती मिरची कुटतात, म्हणजे ज्यांना कोरी तिखटपूड हवी त्यांची. त्यानंतर जैन घरांचा आणि सोवळ्याचा स्वयंपाक असणाऱ्यांचा मसाला, कांदा-लसणाशिवायचा. कांदा-लसणाची चटणी दुपारच्या जेवणानंतरच. कुणी कितीही घाई केली, ओळख काढली, तरी हा क्रम मोडत नाहीत. माझ्यासमोर एका ओळखीच्या गाडीवाल्याला त्यांनी चार तास थांबवलं होतं. आमच्या भागात जैन वस्ती मोठी आहे, आणि लसणाचा ओलावा एकदा उखळाला लागला की पुढच्या घाण्यात वास उतरतोच. आमच्या शेजारच्या काकू पूर्वी घरीच खलबत्त्यात कुटायच्या, बाहेरच्या डंकावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांना मी इथं घेऊन आले तेव्हा मालकांनी उखळ उघडं करून दाखवलं. म्हणाले, “आक्का, वास घिऊन बगा. सकाळधरनं लसूण शिवलेला न्हाई.” काकूंनी खरंच वाकून वास घेतला आणि मगच पिशवी सोडली. आता त्या दर वर्षी येतात.

रात्री बंद करताना तांदळाचा कोंडा टाकून चारही उखळं फिरवतात. तेल, तिखट, लसणाचा अंश, सगळं कोंडा ओढून घेतो. पाणी लावत नाहीत. पाणी लागलं तर लोखंड गंजेल आणि दुसऱ्या दिवशीची पहिली चटणी बुरसेल. हे काम गिऱ्हाईक गेल्यावरचं, कुणी बघायला नसतं, तरी चुकवत नाहीत.

डंक आणि चक्की यातला फरक नव्या सुनांना सांगावा लागतो, म्हणून इथं लिहिते. चक्कीत पातं किंवा दगड जोरात फिरतो, मिरची तापते, आणि तापली की रंग काळपटतो, मसाल्याचा वास तिथंच उडून जातो. बाहेर पडणारं तिखट हाताला चटका देईल इतकं गरम असतं. शिवाय खोबरं आणि तीळ टाकले की तेल सुटून जाळी बसते, मग ते चक्कीवाले खोबरं कमी घाला म्हणतात. आमच्याच तालुक्यातल्या एका चक्कीवर मी एकदा चटणी केली होती. महिन्याभरात तिचा रंग विटेसारखा झाला आणि वास फक्त तिखटाचा उरला, लवंग-दालचिनी कुठं गेली कळलं नाही. डंकात मुसळ वर जातं, खाली पडतं, मध्ये मिरचीला दम मिळतो. खोबऱ्याचं तेल मिरचीत मुरत जातं. म्हणून डंकाची चटणी मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटानं सहज मोडतो. इथले मालक घाणा मध्येच थांबवून हात घालून बघतात. उखळ तापलंय वाटलं तर, “वैनी, जरा दम धरा, गार हू दे,” म्हणून मुसळ उचलून ठेवतात. वेळ जातो, पण मला तो वेळ द्यायला आवडतो.

आणि आपला माल आपल्या डोळ्यांसमोर राहतो. पिशवीला खडूनं नंबर घालतात, उखळाशेजारी उभं राहू देतात, चाळणीवरचा चाळ परत उखळात टाकतात, कोपऱ्यात सारत नाहीत. पाच किलो आणलं तर घट किती आली हे लेक वहीत लिहून दाखवते.

मिरचीबद्दल थोडं. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात डब्बी आखूड आणि फुगीर, कड्डी लांब आणि सुरकुतलेली. दोन्हीत तिखटपणा बेताचा, रंग मात्र गर्द. संकेश्वरी म्हणजे आपली जवारी, गावरान मिरची, लांब, बारीक, जिभेला आधी चव देते आणि मग पोळते. तिचा पेरा कमी झाला आहे, त्यामुळं दर ऐकून धाप लागते आणि तिच्या नावावर भलतीच मिरची खपवली जाते. खरी जवारी घ्यायची तर आमच्या इथं किंवा गडहिंग्लजच्या बाजारात, ओळखीच्या शेतकऱ्याकडून. घेताना देठ मोडून बघा, कडकन मोडला पाहिजे. ब्याडगी घेताना यंदाची की शीतगृहातली हे स्पष्ट विचारा.

माझं प्रमाण असं: एक किलो मिरचीत ६०० ग्रॅम ब्याडगी, ४०० ग्रॅम संकेश्वरी. पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धने, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम जिरे, अर्धा किलो कांदा उभा चिरून उन्हात वाळवून मग तेलात तांबूस तळलेला, पाव किलो गावठी लसूण, पाव किलो खडेमीठ. लवंग, दालचिनी, दगडफूल, मसाला वेलची, नागकेशर, तमालपत्र हे दहा-दहा ग्रॅमच्या आत. सगळं घरूनच भाजून, गार करून न्यायचं. डंकावर भाजून देत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण भाजणं ज्याच्या त्याच्या हाताचं असतं. मालक मसाला आधी कुटतात, मग मिरची, मग दोन्ही एकत्र, आणि लसूण-कांदा मीठ लावून शेवटी. लसूण ओला वाटला तर स्पष्ट सांगतात की ही चटणी दिवाळीपर्यंत टिकणार नाही, घरी जाऊन सावलीत पसरा. गिऱ्हाईकाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसत नाहीत. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

कुटणावळ यंदा किलोला ५० रुपये, कांदा-लसणाला ६०. आजूबाजूला याहून स्वस्त आहे, तरी मी इथंच देते. पैसे कुटून झाल्यावर, पुन्हा वजन करून. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे मला महिन्याला दोन हजार मिळतात, त्यातला एक हप्ता दर वर्षी मिरचीला आणि कुटणावळीला ठेवलेला असतो. तेवढ्यात सगळं बसत नाही, पण निम्मा भार हलका होतो.

येण्या-जाण्याचं म्हणाल तर आमच्या गावाहून बस आहे, आणि ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट पडत नाही. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. यानं एक बदल असा झाला की आता घरातला कुणी पुरुष मोकळा होईपर्यंत चटणी अडून राहत नाही. आम्ही तिघी-चौघी मिळून निघतो, पिशव्या सीटखाली सारतो. पिशवीचं तोंड मात्र घट्ट बांधा आणि वरून जुनं लुगडं गुंडाळा, नाहीतर सगळी बस शिंकत बसते. गडहिंग्लजकडून येणाऱ्यांना सीमा ओलांडायची असल्यानं हा लाभ नाही, तरीही माझी नणंद तिकडून येते आणि दोन घरांची चटणी नेते.

उणिवा आहेत. बसायला जागा नाही. भिंतीला टेकून किंवा पायरीवर बसायचं, आणि एप्रिलच्या उन्हात त्या पायरीवर सावली राहत नाही. वयस्कर बायका येतात, त्यांच्यासाठी एक बाक आणि वर पत्रा एवढं तरी करावं असं मी मालकांना सांगितलं आहे. तिखटाचा धुरळा बाहेर ओढणारा पंखा एकच आहे आणि तो कमी पडतो. दमेकरी माणसांनी आणि लहान मुलांनी येऊच नये. मालक स्वतः तोंडाला नुसता टॉवेल बांधतात. त्यांनी चांगला मास्क वापरावा, हे काम आणखी पुष्कळ वर्षं त्यांच्या हातून व्हावं असं मला मनापासून वाटतं. वीज गेली की सगळं ठप्प. दोन-अडीच तास नुसतं बसून राहावं लागतं, म्हणून जेवणाचा डबा घेऊनच जा. फोनवर नंबर लावून घेत नाहीत, पिशवी समोर आली की नंबर.

तयार चटणी घरी आणल्यावर लगेच डब्यात भरू नका. परातीत रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की मिठालाही पाणी सुटतं. अशा हवेत इथली चटणी पुढच्या होळीपर्यंत तांबडी राहते. मुलगा पुण्याला असतो, त्याच्या खोलीवरची बरणीही तशीच राहिली. पाकिटाच्या तिखटाशी ताडून बघायचं असेल तर पेल्यात पाणी घेऊन वरून चिमूट सोडा. मिरचीचा खरा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. पाण्यात लगेच लाल रेघा सुटल्या तर त्यात रंग घातला आहे असं समजा.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उघडा असतो, अमावास्येला बंद. बाजाराच्या दिवशी गर्दी फार, तो दिवस टाळा. कोरा मसाला असेल तर अकराच्या आत पोचा, कांदा-लसूण असेल तर दोनला या, आधी येऊन उपयोग नाही. मृग लागला की डंकाचा पट्टा काढून ठेवतात आणि शेजारची पिठाची गिरण तेवढी चालू राहते, त्यामुळं मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरून बसू नका. तेव्हा रांग बोळाबाहेर आलेली असते.